वळणाचे पाणी

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' असे म्हणून मराठी माणूस वाईट सवयीचा निकाल एका वाक्यात लावून मोकळा होतो. त्याच मराठीत आणखी एक म्हण आहे, 'वळणाचे पाणी वळणावर जाते.' दोन्ही म्हणी चिवटपणाविषयीच बोलतात, परंतु त्यांच्या सांगण्यात मोठे अंतर आहे. पहिली म्हण खोड माणसाच्या अंगी पाहते आणि हात टेकते. दुसरी पाण्याला बोल न लावता जमिनीच्या उताराकडे बोट दाखवते. मुलाला लावायचे तेही वळण, अक्षराचे असते तेही वळण आणि रस्त्यावर येते तेही वळणच. एकाच शब्दात शिस्त, सराव आणि जागा या तिन्ही गोष्टी सामावून घेणाऱ्या आपल्या पूर्वजांनी सवयीचे मर्म बरेच अचूक ओळखले होते, असे म्हणावे लागते. कारण मानसशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत सवयीविषयी जे काही शोधून काढले आहे, त्याचा कौल या दुसऱ्या म्हणीच्या बाजूने पडतो.

प्रस्तुत लेखात दोन सवयींचा विचार केला आहे : तंबाखू आणि क्रेडिट कार्डाच्या बिलापैकी केवळ 'किमान देय रक्कम' भरणे. एक सवय जीव घेते, तर दुसरी आयुष्याची पुंजी. वरकरणी त्यांच्यात काहीच साम्य नाही. तथापि त्या जडतात कशा आणि सुटतात कशा हे पाहू लागले की त्या सख्ख्या बहिणी वाटू लागतात.

समजते, पण वळत नाही

भारत सरकारने २०१६-१७ मध्ये केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. ही संख्या सुमारे २६.७ कोटी होते. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे, चघळणारे वा दातांना लावणारे अधिक. उत्तरेत खैनी, गुजरातेत मावा, छत्तीसगड आणि ओडिशात गुडाखू, महाराष्ट्रात चुना लावून मळलेली तंबाखू आणि घरोघरच्या स्त्रियांची मशेरी. नावे निराळी, वस्तू तीच.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा मात्र या सर्वांहून अधिक विचार करायला लावणारा आहे. अशा धूरविरहित तंबाखूमुळे गंभीर आजार होतो, असे मानणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ९५.६ टक्के आढळले. म्हणजे अज्ञान हे तंबाखूचे कारण म्हणून सांगण्याची सोय आता उरलेली नाही. पुडीवरील भयंकर चित्र ज्याच्या रोज डोळ्यांसमोर असते, त्याला तोंडाच्या कर्करोगाविषयी आणखी एक व्याख्यान देऊन काय साधणार?

बँकेशी संबंध असलेल्या मंडळींना येथे हिशेब मांडण्याचा मोह होतो. रोजचे वीस रुपये म्हणजे महिन्याचे ६०० रुपये. हीच रक्कम आवर्ती ठेवीत वार्षिक ६ टक्के दराने १० वर्षे भरत गेल्यास सुमारे ९८,००० रुपये हाती येतात. हिशेब बिनचूक आहे आणि तो वाचून मान डोलावणारा गृहस्थ चहाच्या सुट्टीत टपरीवर जाऊन नेहमीची पुडी घेतो. तो ढोंगी नसतो. हिशेब करणारा मेंदूचा भाग आणि हात खिशाकडे नेणारा भाग हे एकच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मेंदूतील स्थायी सूचना

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीला एक संपूर्ण प्रकरण दिले होते. एखादी कृती वारंवार केली की मज्जासंस्थेत तिची वाट पडते आणि पुढे त्या वाटेने जाणे सोपे होते, असा त्यांचा विचार होता. शंभराहून अधिक वर्षांनी ही वाट प्रत्यक्ष पाहता आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या बोळातून खाऊ शोधायला लावले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूच्या खोल भागातील पेशींच्या हालचाली नोंदविल्या. आरंभी उंदीर संपूर्ण वाटभर जणू 'विचार' करीत होता. वाट अंगवळणी पडल्यानंतर पेशींची लगबग फक्त दोन ठिकाणी उरली : सुरुवातीला आणि शेवटी. मधला सारा प्रवास एका गाठोड्यात बांधला गेला होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. खाऊ ठेवणे बंद केल्यावर हा नमुना मावळला, परंतु खाऊ पुन्हा ठेवू लागताच तो जसाच्या तसा परतला. वाट बुजली नव्हती, तिच्यावर केवळ गवत वाढले होते.

बँकेच्या व्यवहारातील उपमा द्यायची तर सवय ही मेंदूला दिलेली स्थायी सूचना आहे. अमुक तारीख आली की अमुक रक्कम अमुक खात्यात वळती करावी, असे एकदा लिहून दिले की पुढे दर महिन्याला खातेदाराची संमती कोणी विचारत नाही. ही सोय नसती तर जगणे अशक्य झाले असते. सायकल चालवताना, दात घासताना, नोटा मोजताना प्रत्येक हालचालीचा निर्णय घ्यावा लागता तर दुपारपर्यंतच माणूस थकून गेला असता. फरक एवढाच की बँकेतील सूचना अर्ज देऊन रद्द करता येते. मेंदूतील सूचना रद्द होत नाही. तिच्यावर दुसरी, अधिक ताजी सूचना चढवावी लागते.

या सूचनेतील 'तारखे'ची जागा घेणाऱ्या गोष्टीस निमित्त म्हणावे. जेवण झाले, हात धुतले की तंबाखू. वरिष्ठ अधिकारी रागावले की सिगारेट. स्वित्झर्लंडमधील संशोधक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांतून निमित्ताचे हे सामर्थ्य उघड झाले. फळांचा रस मिळाल्यावर माकडाच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वी दिवा लागतो हे माकडाला कळल्यानंतर मात्र त्या पेशी दिवा लागतानाच उद्दीपित होऊ लागल्या. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. आपण जिला तलफ म्हणतो, तिचे बरेचसे रहस्य यात आहे. तलफ केवळ तंबाखूच्या अभावीच येते असे नाही. ती टपरी दिसली की येते, चुन्याच्या डबीचा आवाज झाला की येते, शेजारचा मळू लागला की येते.

निमित्ताच्या तुलनेत आवडीनिवडीचे महत्त्व किती थोडे असते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका गमतीदार प्रयोगाने दाखविले. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहातील प्रेक्षकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची सवय होती, त्यांनी शिळेही जवळजवळ तेवढेच खाल्ले. ते त्यांना आवडले म्हणावे, तर तसे नव्हते. तेच पॉपकॉर्न सभागृहात दिल्यावर, किंवा एरवी न वापरल्या जाणाऱ्या हाताने खायला सांगितल्यावर, शिळ्याकडे हात जाईना. जागा बदलली, हात बदलला आणि गाठोडे सुटले.

याहून गंभीर उदाहरण व्हिएतनाम युद्धातील आहे. १९७१ च्या सुमारास तेथील अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचा प्रसार इतका झाला की जवळपास पाचापैकी एक जण त्याच्या आहारी गेल्याचे पुढे आढळले. हे सैनिक मायदेशी परतल्यावर काय होईल या चिंतेने सरकारने ली रॉबिन्स या संशोधक विदुषींकडे अभ्यास सोपविला. जे निष्पन्न झाले त्यावर प्रथम कोणाचा विश्वासच बसेना. व्हिएतनाममध्ये व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले केवळ ५ टक्के होते, आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. हा परिणाम एकट्या स्थलांतराचा म्हणता येणार नाही. ती माणसे तरुण होती, युद्ध मागे पडले होते आणि घरी स्वस्त, शुद्ध हेरॉइन सहजी मिळत नव्हते. तरीही ज्या उपचार केंद्रांतून बरा होऊन निघालेला रुग्ण त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परत जातो आणि पुन्हा दाखल होतो, त्यांच्या अनुभवाशेजारी हे आकडे ठेवले की उताराचे महत्त्व पटते.

उतार बदलण्याची रीत

तंबाखू सोडण्याचा निश्चय बहुधा गुढीपाडव्याला, वाढदिवसाला किंवा एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणानंतर केला जातो. निश्चय खरा असतो. पण तो 'आजपासून बंद' एवढ्या दोन शब्दांचा असतो आणि दिवसातली दहा निमित्ते मात्र आपापल्या जागी तशीच उभी असतात. म्हणून सोडण्यापूर्वी आठवडाभर एक साधी नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. प्रत्येक वेळी बार भरण्यापूर्वी वेळ, जागा, सोबत कोण आणि मनाची अवस्था एवढेच लिहावे. आठ दिवसांच्या या रोजकीर्दीत बहुतेकांना एक आश्चर्य वाटते. दिवसाला बारा वेळा खाल्लेल्या तंबाखूपैकी खऱ्या तलफेने खाल्लेली तीन-चार वेळाच निघते, उरलेली केवळ हाताचा चाळा, कंटाळा किंवा मैत्री यांच्या खाती पडते.

मग प्रत्येक निमित्तासाठी वेगळी तजवीज करावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार 'मी अमुक सोडेन' या मोघम निश्चयापेक्षा 'अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन' असे बांधलेले वाक्य अधिक वेळा अमलात येते. जेवणानंतर हात धुतले की थेट बडीशेपेच्या डब्याकडे जाईन. चहा टपरीवर न घेता शाखेतच घेईन. कोणी हात पुढे केला तर 'डॉक्टरांनी बंद केली आहे' असे म्हणेन. (हे शेवटचे वाक्य किंचित असत्य असले तरी आग्रह थांबवण्यास त्याच्यासारखा उपाय नाही.) चंची खिशातून काढून टाकायची, चुन्याची डबीही ठेवायची नाही. मशेरी भाजण्याचा तवा घरात असेपर्यंत मशेरी सुटणे कठीण, कारण भाजतानाचा वास हेच सर्वांत मोठे निमित्त असते.

पर्याय निवडताना एक सावधगिरी आवश्यक आहे. तंबाखू सोडून अनेक जण सुपारी धरतात आणि सुटल्याचा आनंद मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच सुपारी ही स्वतः कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला आहे. लवंग, वेलदोडा, बडीशेप, धनाडाळ यांपैकी काहीही चालेल, सुपारी नाही.

तंबाखूत सवयीखेरीज निकोटिनचा अंमलही असतो आणि त्याच्याशी केवळ युक्तीने लढता येत नाही. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत त्रासाचे. चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते, आणि ही गोष्ट आधी ठाऊक असणाऱ्याला ती मिनिटे काढणे पुष्कळ सोपे जाते. निकोटिनयुक्त च्युइंगम आणि अन्य औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. केंद्र सरकारने २०१६ पासून १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशनाची सोय केली आहे. हाच क्रमांक आज तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, आणि तो पुडी घेणाऱ्याइतक्या जवळ असूनही क्वचितच वाचला जातो. दारूच्या बाबतीत मात्र एकदम बंद करण्याचे धाडस करू नये. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने अकस्मात दारू तोडल्यास झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो, त्यामुळे तेथे वैद्यकीय देखरेख अनिवार्य आहे.

किमान रकमेची गोडी

आता दुसरी सवय. क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र येते, त्यात दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. एखाद्या महिन्यात अडचण असते, म्हणून किमान रक्कम भरली जाते. काहीच बिघडत नाही. कोणाचा फोन येत नाही, कार्ड चालू राहते, उलट खात्यात पैसे शिल्लक दिसतात. या सुटकेच्या भावनेतच पुढच्या महिन्याचे बीज असते.

समजा, कार्डावर ५०,००० रुपये बाकी आहेत, व्याज दरमहा ३.५ टक्के आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये आहे. त्यांतील १,७५० रुपये व्याजात जातात. व्याजावर १८ टक्के दराने ३१५ रुपये वस्तू व सेवा कर पडतो. मूळ बाकी कमी होते ती ४३५ रुपयांनी. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही नाहीशी होते, म्हणजे पुढच्या आठवड्यातील किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड अनेक महिने वा वर्षे लांबेल आणि व्याजावर व्याज चढत जाईल, असा इशारा विवरणपत्रावर छापणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याचे भाग्य पुडीवरील चित्राहून फारसे वेगळे नसते.

येथेही निमित्त शोधावे लागते. ते बहुधा रात्रीचे दहा-साडेदहा, हातातला मोबाईल आणि ॲपमध्ये साठवून ठेवलेले कार्ड हे असते. साठवलेले कार्ड काढून टाकले की प्रत्येक खरेदीच्या वेळी उठून कार्ड शोधावे लागते आणि तेवढ्या अवधीत निम्म्या खरेद्या विरतात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरविण्याची सोय ग्राहकाच्या हाती आली आहे. ती आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शोधून मर्यादा खाली आणावी. ऑटो डेबिटच्या पर्यायात 'किमान' ऐवजी 'एकूण देय' निवडावे, आणि बिलाची तारीख पगाराच्या तारखेनंतर लगेच येईल अशी मागून घ्यावी. आधीच साचलेली मोठी बाकी असेल तर ती कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जाने एकदाच फेडून ठरावीक हप्ता बांधून घेणे हिताचे. पण त्यानंतर कार्डाची मर्यादा कमी केली नाही, तर वर्षभरात हप्ताही राहतो आणि बाकीही परत येते. शाखांमधून हे दृश्य दुर्मीळ नाही.

आळस हा दुर्गुण मानला जातो. पण सवयींच्या राज्यात तो कोणाच्याही चाकरीला राहतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी एका अमेरिकी कंपनीतील कामगारांना एवढेच विचारले : पुढील प्रत्येक पगारवाढीच्या वेळी तुमच्या बचतीचा हिस्सा आपोआप वाढू द्याल का? आजच्या पगारातून काही कापायचे नव्हते, म्हणून पुष्कळांनी होकार दिला. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. योजनेतून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा होती. तरी बहुतेकांनी तसे केले नाही. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत रक्कम वळती करण्याची सूचना आपल्या शाखेत देणारा ग्राहक हेच करीत असतो.

एकवीस दिवस?

कोणतीही सवय २१ दिवसांत बदलते, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याचा तंबाखूशी किंवा क्रेडिट कार्डाशी काहीएक संबंध नव्हता आणि 'किमान' हा शब्द तर प्रवासात कोठे तरी गळूनच पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी साधी सवय लावून घेण्यास सांगून तिचा मागोवा घेतला. २००९ मध्ये पुढे आलेल्या या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. मात्र कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. बाविसाव्या दिवशीही तलफ आली म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानात घ्यावेत. त्याच अभ्यासात असेही आढळले की मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा फरक पडत नाही.

अर्थात नवी सवय लावताना एक दिवस चुकणे आणि सोडलेली तंबाखू एकदा खाणे यांत भेद आहे; निकोटिनच्या बाबतीत एका बारामागून दुसरा येण्याचा धोका अधिक. परंतु तो दुसरा बार पुष्कळदा निकोटिनपेक्षा 'आता मोडलेच तर मोडलेच' या वैतागातून भरला जातो. चाळिसाव्या दिवशी असे घडल्यास एकेचाळिसाव्या दिवशी पहिल्या आठवड्याची ती रोजकीर्द पुन्हा उघडावी आणि त्या प्रसंगाची वेळ, जागा व सोबत तिच्यात लिहावी. बहुधा असे एखादे निमित्त सापडते, जे तेव्हाच्या यादीत आलेलेच नव्हते : लग्नाचा मांडव, गावची जत्रा, रात्रीच्या एस.टी.चा प्रवास, वर्षअखेरीस शाखेत ताळेबंदासाठी झालेले जागरण. त्याच्यासाठीही 'अमुक आले की तमुक करीन' असे एक वाक्य त्याच पानावर लिहून ठेवायचे असते.